मालकाचं उत्तर: ‘हीट पंप लावला, बिल तेवढंच आणि पाणी कोमट’

नमस्कार. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क. सोसायटीच्या गरम पाण्यासाठी आमचा हीट पंप लावूनही बिल कमी झालं नाही, सकाळी आठनंतर पाणी कोमट येतं आणि आमची माणसं दुरुस्ती सोडून ‘नुसते मीटर लावत बसतात’, असं तुम्ही लिहिलंय.

बिल तुम्ही सोसायटीच्या कॉमन मीटरचं बघताय. त्यात लिफ्ट, पाण्याचे पंप, पार्किंगचे दिवे सगळंच आलं. शिवाय तुलना ऑक्टोबरची जानेवारीशी. हजार लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ वर न्यायला गीझर साधारण ३५ युनिट खातो, हीट पंप दहाच्या आसपास. पण जानेवारीत पुण्यात पहाटे हवा दहा-बारा अंशांवर उतरते, गच्चीवरच्या टाकीतलं पाणीही गार असतं. हीट पंपाचं मशीन हवेतलीच उष्णता उचलून पाण्यात टाकतं, त्यामुळे तेव्हा तेवढ्याच पाण्याला १४-१५ युनिट लागू शकतात. कोटेशनमध्ये ‘वर्षाची सरासरी’ आणि थंडीचा आकडा वेगवेगळे लिहिलेत ते याचसाठी.

आता कोमट पाणी. टाकीत बॅकअपचा हीटर आहे, गीझरसारखाच थेट विजेवर तापणारा. तो चालू करून दिला असता तर दुसऱ्या दिवशी पाणी कडकडीत आलं असतं आणि तुम्ही पाच स्टारही दिले असते. पण ते गीझरच्या भावाने तापलेलं पाणी! मूळ दोष झाकला गेला असता आणि बिल सोसायटीने भरलं असतं. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं, म्हणून स्पष्ट लिहितोय.

त्याऐवजी मशीनला वेगळा वीजमीटर, पाण्याला फ्लो मीटर आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाइपांवर तापमानाचे सेन्सर लावले. त्यात दिसलं की रात्री बारा ते चार, एकही नळ उघडा नसताना, मशीन थांबून थांबून चालतंय. कारण रिटर्न लाइनचा पंप, म्हणजे नळाला लगेच गरम पाणी मिळावं म्हणून पाइपातलं पाणी फिरवून टाकीत परत आणणारा पंप. टायमर बायपास करून कुणीतरी तो चोवीस तास चालू ठेवलाय, आणि गच्चीवरच्या त्या पाइपाचं इन्सुलेशन (ते बिल्डरच्या कामात होतं) जागोजागी फाटलंय. पाणी रात्रभर फिरून गार होतं, परत येऊन टाकी ढवळतं. एरवी गरम पाणी टाकीत वर आणि गार खाली राहतं; तो थरच मोडतो. मग आठ वाजता कोमट येणारच. त्यात मशीनच्या पंख्यासमोर नंतर कपड्यांच्या शेडचा पत्रा उभा राहिला. बाहेर टाकलेली गार हवा त्यावर आपटून पुन्हा मशीनमध्येच शिरते.

टायमर आम्ही पूर्ववत केला आहे. इन्सुलेशन आणि पत्र्याचं पत्र कमिटीकडे गेलंय, परवानगी मिळाली की काम आमची माणसं करतील. शेवटचा हप्ता आम्ही मागितलेला नाही. ही दोन्ही कामं झाल्यावर थंडीतच पुन्हा मोजू आणि कोटेशनमधला थंडीचा आकडा मीटरवर दिसला तरच मागू. रोजचं रीडिंग लिफ्टशेजारच्या बोर्डवर लावायची आमची तयारी आहे, कमिटीने हो म्हणावं.