संत्रा पाण्यानं सडतो म्हणे!

आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या संत्र्याची, तोडणी सुरू झाली की विदर्भातल्या काटोल-वरुडकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. "संत्रा पाण्यानंच सडतो. न धुता भरा. धुवायचाच असेल तर मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं बुडवा, वरून मेण चढवा, बुरशी आत शिरूच शकत नाही. महिनाभर चिंता नाही." यंदा तो मला तिघांनी पाठवला. त्यातला एक तर आमच्याच, संत्रा धुऊन भरण्याच्या शेडमधला. म्हणून लिहितो.

संत्र्यावरची हिरवी आणि निळी बुरशी पेनिसिलियमची. तिचे बीजाणू बागेत, कॅरेटला, शेडच्या हवेत असतातच. पण साल धड असेल तर त्यांना आत वाट मिळत नाही, आणि ती वाट पाणी करून देत नाही, आपण देतो. देठ कातरीनं न कापता फळ हिसडलं की देठापाशी सालीचा टवका उडतो. आपला संत्रा सैल सालीचा, मोसंबीसारखं सोसत नाही. दव असताना तोडला तर सालीतल्या तेलाच्या पिशव्या नुसत्या दाबानं फुटतात. मागच्या हंगामात एका लॉटमधले नुकते डागाळलेले संत्रे मी बाजूला काढून बघितले. बऱ्याच डागांच्या मधोमध एक बारीक चंद्रकोर होती. तोडणाऱ्याच्या अंगठ्याचं नख! आता नखं कापून या, असा मेसेज कोणी का फिरवत नाही?

मग पाण्याचा काहीच दोष नाही? आहे, पण तो फळं धुण्याच्या हौदातल्या पाण्याचा. सकाळी आठला स्वच्छ असलेलं पाणी दुपारी तीनला चहासारखं दिसतं. क्लोरिन 100 ते 200 पीपीएम (दहा लाख भागांत तेवढे भाग) धरून टाकलं तरी माती, पाला आणि फुटलेल्या फळांचा रस ते संपवून टाकतात. शिवाय ब्लीचिंग पावडर स्वतःच पाण्याचा सामू (पीएच) वर ढकलते, आणि सामू साडेसातच्या वर गेला की उरलेल्या क्लोरिनचा जोर ओसरत जातो. अशा हौदात एक सडकं फळ पडलं की त्याचे बीजाणू पुढच्या प्रत्येक ओरखड्यापर्यंत पोचतात. सकाळी एकदा डोस टाकायचा आणि दिवसभर तेच पाणी फिरवायचं, हा गाढवपणा आम्हीही केलाय. चौथ्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन आला, तो काय बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. आता दर तासाला क्लोरिन मोजायची पट्टी बुडवून बघतो, पाणी गढूळलं की सोडून देतो. तरी एक ध्यानात असू द्या: क्लोरिन पाण्यातले आणि सालीवरचे बीजाणू मारतं, जखमेत रुजलेल्या बुरशीपर्यंत ते पोचत नाही.

मिठाची गोष्ट बहुधा कानगोष्टीत बिघडली असावी. लिंबूवर्गीय फळांसाठी जगभर वापरतात तो खाण्याचा सोडा, 2 ते 3 टक्के, शक्यतो कोमट पाण्यात. तो जखमेतल्या बीजाणूंना रुजू देत नाही, पण मारतही नाही. नंतर नवा ओरखडा पडला तर त्याचा उपयोग शून्य. मीठ घरी लोणच्याला ठेवा.

मेणाचं काम वेगळं. धुताना सालीचं नैसर्गिक मेण जातं, ते भरून काढायचं, म्हणजे फळ सुकत नाही, चकाकतं. बुरशी आधीच आत असेल तर ती मेणाखालीही वाढते. ओल्या फळावर मेण नीट बसत नाही, म्हणून आधी पंख्याखाली कोरडं करायचं. आणि जाड थर दिला की फळाचा श्वास कोंडतो, फोडीला दारूसारखी चव येते. गिऱ्हाईक मग बुरशीच्या नव्हे, त्या चवीच्या नावानं शिव्या देतं.

राहिला महिना. 6-7 अंश तापमान आणि 90-95 टक्के आर्द्रता असलेल्या शीतगृहात चांगला निवडलेला माल तेवढा काढतो. नागपूरच्या कळमना बाजारात ताडपत्रीखाली नाही. आणि शेडच्या दाराशी सडक्या संत्र्यांचा ढीग तसाच पडला असेल तर कुठेच नाही: त्या हिरव्या भुकटीला नुसती फुंकर पुरते, आणि सुकवायचे पंखे तिथून चार पावलांवर चालू असतात.