काडेपेटीचा कारखाना ‘फसला’ कसा?

मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती सेवासंस्थेचे संस्थापक विल्यम बूथ यांचा काडेपेट्यांचा कारखाना फसला, असं लेखात एका वाक्यात उरकलंय. हे अजिबात पटलं नाही. १८९१ मध्ये पूर्व लंडनच्या ओल्ड फोर्डला तो सुरू झाला तोच तेव्हा काड्यांच्या गुलात वापरल्या जाणाऱ्या पांढऱ्या फॉस्फरसला पर्याय म्हणून. या फॉस्फरसची वाफ किडक्या दातातून आत शिरायची आणि कामगारांच्या जबड्याचं हाड सडायचं. मुक्तिफौजेने तांबडा फॉस्फरस घेतला, तोही पेटीच्या कडेला, काडीच्या गुलात नाही. त्यामुळे काडी भिंतीवर घासून पेटत नसे, शिवाय पेटी महाग. गिऱ्हाईक अडलं ते इथे. मजुरी मात्र १४४ पेट्यांना ४ पेन्स, इतरत्र अडीचच्या आसपास!

ब्रिटनमध्ये पांढरा फॉस्फरस कायद्याने बंद व्हायला १९१० उजाडलं. हे लेखात यायलाच हवं होतं.