खोडरबरानं रॅम घासून झाली असेल तर…

महिनाभरात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. एकदा दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर, एकदा भाच्याच्या गेमिंगवाल्या दोस्तांकडून फिरत फिरत, आणि एकदा तर चक्क सोयाबीनचे भाव टाकतात त्या ग्रुपवर. शेवटी नेहमीचं शेपूट: 'सेव्ह करून ठेवा, कामाला येईल.'

मजकूर थोडक्यात असा. घरी जोडलेला पीसी मधेच बंद पडतो, निळा पडदा येतो, गेम उडतो, तर रॅम, म्हणजे पीसीची तात्पुरती मेमरी, गेली समजा. रॅम काढून खोडरबरानं घासा आणि परत बसवा. मग विंडोजची मेमरी चाचणी एकदा चालवा. पास झाली तर रॅम ठणठणीत, दोष विंडोजचा, फॉरमॅट मारा. एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगानं पळवणारी तयार सेटिंग, बिनधास्त चालू ठेवा, तो वेग कंपनीनंच डब्यावर छापलाय. रॅम भरपूर असेल तर पेजफाइल, म्हणजे रॅमला जोड म्हणून डिस्कवर राखलेली जागा, बंद करा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ४१ नंबर दिसला तर पॉवर सप्लाय बदला.

यातलं सगळंच खोटं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. प्रत्येक वाक्यात चिमूटभर खरं आहे, म्हणून पोरं विश्वास ठेवतात आणि नको ते सामान विकत घेऊन बसतात.

खोडरबराचं आधी उरकून घेतो. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर धूळ, घामाचा थर बसला तर संपर्क नीट होत नाही, हे खरं. आपल्याकडं उन्हाळ्यात कॅबिनेटच्या शेजारीच कूलर लावलेला असतो, त्याच्या ओल्या हवेनं तर धुळीचा लगदाच होतो. पण दहातल्या बऱ्याच वेळा गुण येतो तो रॅम काढून परत नीट दाबून बसवल्यामुळं, आणि श्रेय मिळतं खोडरबराला. पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. खरखरीत रबर तो खरवडतं आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड पुरेसं आहे. वायर काढलेली असू द्या, आणि हात लावण्याआधी कॅबिनेटच्या बिनरंगाच्या पत्र्याला स्पर्श करा. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत अंगावरची स्थिर वीज काही कमी नसते.

आता खरी गोष्ट, म्हणजे 'चाचणी पास तर रॅम ठणठणीत' आणि 'एक्सएमपी बिनधास्त'. हे दोन मुद्दे मला वेगळे करता येत नाहीत, कारण भाच्याच्या पीसीत ते एकत्रच भेटले.

भाचा लातूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पीसी वरच्या मजल्यावरच्या पत्र्याच्या खोलीत. सुरुवातीला रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिका होत्या, डीडीआर४ पिढीच्या, डब्यावर वेग ३६००. दीड वर्षानं त्यानं त्याच मॉडेल नंबरच्या आणखी दोन आणून रिकाम्या स्लॉटमध्ये बसवल्या. त्यानंतर फोन सुरू झाले.

"मामा, पुन्हा उडाला. आता तर गेमबी नव्हता, निस्तं क्रोम चालू होतं."

"टेस्ट लावलास का?"

"दोनदा लावलो की. पास म्हणायलंय."

त्यानं लावली होती ती विंडोजची चाचणी. ती मुळात 'स्टँडर्ड' प्रकारात आणि दोन फेऱ्यांत उरकते. एफ१ दाबल्यावर 'एक्स्टेंडेड' निवडता येतं, हे मेसेजवाल्यानं सांगितलेलंच नाही. म्हणून पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर घेतलं. फुकट आहे, विंडोजच्या बाहेर चालतं. रात्री दहाला लावलं, सकाळपर्यंत एकही चूक नाही. भाचा माझ्याकडं असं बघायला लागला की जणू रॅमची बाजू घेऊन मीच हरलो. मग तीच चाचणी दुपारी दोनला लावली. पत्रा तापलेला, खोलीत उभं राहवत नव्हतं. तिसऱ्या फेरीत चुकांच्या लाल ओळी उतरायला लागल्या.

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे बारीकसा कपॅसिटर. त्यातला भार सतत गळत असतो, म्हणून तो ठरावीक वेळानं पुन्हा भरावा लागतो. उष्णता वाढली की गळती वाढते. चिप ८५ अंशांच्या वर गेली तर ही भरणी दुप्पट वेळा करावी, असं मेमरीचं मानकच सांगतं. आता चिप ८५ला पोचलीच पाहिजे असं नाही. वेग आधीच काठावर असेल तर त्याच्या कितीतरी खाली गडबड सुरू होते. म्हणून थंड रात्री पास झालेली चाचणी दुपारची हमी देत नाही. आपल्याकडं चाचणी लावायचीच तर भर दुपारी लावावी, एवढं मी आता ठरवूनच टाकलंय.

लाल ओळी बघून भाचा म्हणाला, नव्या दोन फेकून देऊ. थांबवलं. एकेक स्टिक एकटी लावून तपासली, चारही पास. जुनी जोडी पास, नवी जोडी पास. चारही एकत्र लावल्या की नापास. यात तीन दुपारी गेल्या, पण उत्तर मिळालं: एकही स्टिक खराब नव्हती. सीपीयू-झेड या पीसीच्या आतली माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहिलं तर मॉडेल नंबर तोच, आतल्या चिपा मात्र वेगवेगळ्या बनावटीच्या. कंपन्या तेच लेबल ठेवून आतला माल बदलतात. म्हणून तर जोडी एकत्र विकतात.

आणि तो डब्यावरचा वेग. डीडीआर४चा मानक व्होल्टेज १.२, आणि ३६००सारखे एक्सएमपी प्रोफाइल साधारण १.३५वर चालतात. म्हणजे हे ओव्हरक्लॉकिंगच, ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवणंच आहे, फक्त आधीच लिहून ठेवलेलं. रॅमवाला सांगतो की ही जोडी एवढं पळेल. प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण करणारा भाग, तेवढं झेपवेल, आणि तेही दोनाच्या जागी चार स्टिका असताना, याची जबाबदारी तो घेत नाही. एएमडी कंपनीच्या रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरांचे आकडे बघा, त्यांना डीडीआर४च्या पुढच्या पिढीची, डीडीआर५ रॅम लागते: दोन स्टिका असतील तर अधिकृत वेग ५२००, चार असतील तर ३६००. बाजारात डबे मिळतात ६०००चे. दोन स्टिकांवर ६००० बहुतेक वेळा चालतंही, मी स्वतः चालवतो. पण चालतं आणि चाललंच पाहिजे यात फरक आहे. जाता जाता: डीडीआर५ नवीन बसवल्यावर पहिल्यांदा पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो, मेमरीचं ट्रेनिंग, म्हणजे रॅमशी जुळवाजुळव, चालू असतं. तेवढ्यात घाबरून बटण दाबू नका.

भाच्याच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, प्रोफाइल तसंच ठेवून वेग तेवढा ३२०० केला. त्याच्या प्रोसेसरचा अधिकृत आकडाही तोच होता. दुपारची चाचणी, चार फेऱ्या, एकही लाल ओळ नाही.

'फॉरमॅट मारा' हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. मेमरी डळमळीत असताना विंडोज टाकलं, तर प्रत्येक फाइल डिस्कवर जाताना त्याच डळमळीत मेमरीतून जाते. आधी एक-दोन फायली बिघडल्या असतील, आता कुठली बिघडली ते सांगताही येत नाही. भाच्यानं मला विचारायच्या आधी दोनदा फॉरमॅट मारून झालं होतं, आणि दुसऱ्या वेळी तर इन्स्टॉलेशन मधेच अडकलं. त्यापेक्षा सोपी खूण सांगतो. तीन-चार जीबीची झिप फाइल घ्या आणि ती सेव्हन-झिपनं चार-पाच वेळा उघडून बघा. दर वेळी त्याच फाइलवर सीआरसीची, म्हणजे फाइल जशीच्या तशी आहे का त्या पडताळणीची, चूक आली तर झिपच खराब. कधी चूक येते, कधी येत नाही, आणि आली तर दर वेळी वेगळ्या फाइलवर, तर झिपला सोडा आणि मशीनकडं बघा. विंडोज टाकायचंच असेल तर मेमरी शांत झाल्यावर टाका.

पेजफाइल: बंद करू नका. विंडोज प्रोग्रॅमांना जेवढ्या मेमरीचा शब्द देऊ शकतं, तो आकडा रॅम आणि पेजफाइल मिळून ठरतो. पेजफाइल काढली की हा आकडा खाली येतो, आणि रॅम मोकळी दिसत असताना गेम 'मेमरी संपली' म्हणून उडतो. म्हणजे ज्या आजारावर औषध म्हणून दिलं, तोच आजार.

मेसेजचं पहिलंच गृहीतक, की मेमरीचं नाव आलं म्हणजे रॅमच दोषी, तेही पक्कं नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर गेम उघडताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश यायचा. लोकांनी ग्राफिक्स कार्ड बदलून पाहिली, ड्रायव्हर बदलले. दोष निघाला प्रोसेसरमध्ये, जास्तीच्या व्होल्टेजमुळं. २०२४मध्ये इंटेलनं त्यासाठी बायोसमधून येणारे मायक्रोकोडचे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे, अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्याकडं त्या पिढीचा प्रोसेसर असेल तर खोडरबर शोधण्याआधी बायोसची तारीख बघा.

राहिला ४१ नंबर. कर्नल-पॉवर ४१चा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नाही. का, ते तो सांगत नाही. निळा पडदा आला तरी ४१ पडतो, लाइट गेली तरी पडतो, वैतागून बटण दाबून धरलं तरी पडतो. त्याच नोंदीत आत 'बगचेक कोड' असतो, तो बघा. तिथं आकडा असेल तर निळा पडदा पडला होता. शून्य असेल तर विंडोजला काही लिहायलाही वेळ मिळाला नाही. मग वीज, यूपीएस, पॉवर सप्लाय, तापमान किंवा पूर्ण गोठणं, या बाजूला शोधायचं.

भाच्याचा निळा पडदा बंद झाल्यावर पंधरा दिवसांनी पीसी पुन्हा गेला, पण या वेळी दिव्यासारखा फटकन. बगचेक कोड शून्य. वेळ विचारली तर लाइट गेली तेव्हाच. टेबलाखाली ६०० व्हीएचा यूपीएस, म्हणजे ३६० वॉट. त्यावर ग्राफिक्स कार्डासकट पीसी, मॉनिटर आणि वर वायफायचा राउटर. गेम चालू असताना लाइट गेली की त्याला तो भार पेलवत नव्हता. पॉवर सप्लाय बदलला असता तरी हेच झालं असतं. राउटर आणि मॉनिटर काढून कार्डाची पॉवर लिमिट थोडी खाली आणली, तर आता निदान सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ मिळतो.

हे करताना माझा हात कॅबिनेटला लागला आणि झिणझिण्या आल्या. "ते तर पहिल्यापासूनच येतंय," ताई म्हणाली. अर्थिंग नसेल तर पॉवर सप्लायच्या आतल्या फिल्टरमुळं पत्र्यावर निम्म्या व्होल्टेजच्या आसपास दाब तरंगत राहतो. करंट अगदी बारीक, पण झिणझिण्या त्याच्याच. रॅमच्या चुका त्यामुळं आल्या असं मी म्हणणार नाही. पण असा पीसी उघडून कुणी खोडरबर चालवू नये, हे नक्की म्हणेन. वायरमनला बोलावलं. सॉकेटात न्यूट्रल आणि अर्थच्या मधे चाळीसच्या आसपास व्होल्ट निघाले. अंगणातला अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक, काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा. माती वाळली की अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून त्यानं कोळसा-मीठ टाकून खड्ड्यात पाणी सोडायला सांगितलं.

२०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातुरात, अर्थिंगला बादलीभर पाणी. दाजी दर रविवारी मोजून एकच बादली ओततात, आणि ताई दर रविवारी म्हणते, एवढं मोगऱ्याला घातलं असतं तर फुलं तरी आली असती.