'बॉर्डर' आणि आमच्या सोप्यातले प्रेक्षक

यंदाही १५ ऑगस्टला दुपारी एका वाहिनीवर 'बॉर्डर' लागला आणि यंदाही आमच्या सोप्यात निम्मी गल्ली जमली. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात असल्यामुळे आमच्या तालुक्यातल्या पोरांना 'पलटण' हा शब्द शाळेत जाण्याआधीच कळतो. घरातले कोणी ना कोणी लष्करात असतेच, त्यामुळे हा चित्रपट इथे निव्वळ करमणूक म्हणून कोणी पाहत नाही. मात्र प्रत्येकजण त्यात वेगळे काही पाहतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

जून १९९७ मध्ये जे. पी. दत्ता यांचा हा चित्रपट आला तेव्हा मी सातवीत होतो. शहरातल्या थिएटरात तो पाहताना सनी देओलच्या प्रत्येक वाक्याला शिट्ट्या पडत होत्या आणि त्यांत माझीही होती, हे कबूल करायला हरकत नाही. आज भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या मुलांना ती वाक्ये तोंडपाठ आहेत. काकूंचे मात्र वेगळे. 'संदेसे आते हैं' सुरू झाले की त्या चहाचे निमित्त काढून आत जातात. आण्णा नोकरीत असताना त्यांच्या पत्रांवर '५६ एपीओ' एवढाच लष्करी टपालाचा पत्ता असायचा. नवरा बर्फात आहे की वाळूत, हे त्या पत्त्यावरून कधीच कळत नसे, आणि ती निळी आंतरदेशीय पत्रे काकूंनी अजून ट्रंकेत कापडात बांधून ठेवली आहेत.

आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले हवालदार. ते शिट्टी मारत नाहीत, डोळेही पुसत नाहीत. यंदा शेवटच्या लढाईत एकामागून एक जवान पडू लागले, सोपा अगदी गप्प झाला, तेव्हा ते एकदम म्हणाले, "मेल्याशिवाय जवान दिसत न्हाई व्हय रे तुमास्नी?" पुतण्याने "सिनेमा हाय की ओ, आण्णा" म्हणून विषय टाळला, पण मला तो टाळता आलेला नाही.

कारण चित्रपट ज्या लढाईवर बेतला आहे, त्या राजस्थान सीमेवरच्या लोंगेवाल्याची खरी गोष्ट निराळी आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री २३ पंजाब या पलटणीच्या एका कंपनीचे सुमारे १२० जवान मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली त्या ठाण्यावर होते आणि समोरून पाकिस्तानी रणगाडे आले. ठाण्याभोवतीची काटेरी तार पाहून पुढे सुरुंग पेरले असावेत, असा शत्रूचा समज झाला, आणि नसलेले सुरुंग शोधण्यात त्याचे काही तास गेले. आपल्या हवाई दलाच्या हंटर विमानांना रात्री लढता येत नव्हते, म्हणून उजाडेपर्यंत टिकून राहणे हीच खरी लढाई होती. उजाडताच जैसलमेरहून विमाने आली आणि उघड्या वाळवंटात रणगाडे टिपत गेली. आण्णांना या सगळ्यात सर्वांत जास्त आवडते ती तार. एवढ्या रात्रीत आपले दोन जवान कामी आले. चित्रपटात किती पडतात, ते मोजून पाहावे. सुनील शेट्टीने रंगवलेले सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग पडद्यावर हुतात्मा होतात, प्रत्यक्षातले भैरोसिंग राठोड डिसेंबर २०२२ पर्यंत हयात होते. अक्षय खन्नाची भूमिका ज्यांच्यावरून घेतली, ते धरमवीरही त्या लढाईतून जिवंत परतले.

चित्रपटाने इतिहास शिकवावा, असा माझा आग्रह नाही, आणि दोष एकट्या दिग्दर्शकाचाही नाही. सव्वाशे माणसे रात्रभर रणगाड्यांसमोर उभी राहिली आणि दोघे सोडून बाकीची घरी गेली, एवढ्यावर आपण थिएटरातून समाधानाने बाहेर पडलो असतो का, याची मला शंका आहे. वास्तविक आपली माणसे परत आणणे हेच अधिकाऱ्याचे मोठे कसब. पण त्याला शिट्टी मिळत नाही. आमच्या गावातही हुतात्म्याच्या नावाची कमान उभी राहते (ती राहायलाच हवी) आणि परतलेला माणूस दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला रांगेत उभा असतो. गेल्या वर्षी आण्णांबरोबर मी त्या रांगेत दोन तास होतो. बोटांचे ठसे झिजल्यामुळे यंत्र त्यांना ओळखत नव्हते, आणि ते पुन्हा पुन्हा धोतराला अंगठा पुसून काचेवर ठेवत होते. मागच्या तरुणाच्या मोबाइलची रिंगटोन याच चित्रपटातली होती.

शेवटी 'मेरे दुश्मन मेरे भाई' लागते तोवर सोपा रिकामा झालेला असतो. आण्णा तेवढ्या गाण्यासाठी बसून राहतात. यंदा वाहिनीने ते अर्ध्यावर तोडून जाहिराती लावल्या. आण्णांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग मला म्हणाले, "बंद कर."