पन्हा केवढा?

सोलापूरबाहेरच्या माणसांना वाटतं, आम्ही इथे कापडातच लोळतो. पुण्याची नणंद फोनवर म्हणते, "तुमचं काय बाई, सुती कापड तुमच्या दारात!" दारात आहे खरं, पण चादर आणि टॉवेल. भौगोलिक मानांकनवाल्या त्या जाडजूड चादरीचा कुर्ता मे महिन्यात 43 अंशांत नणंदेनं घालून दाखवावा, शिवून द्यायला मी तयार आहे. कुर्त्याजोगं कॅम्ब्रिक, म्हणजे पातळ, मऊ सुती कापड, आमच्याकडेही इचलकरंजीहून येतं, छापील माल गुजरातेतल्या जेतपूरहून.

इथे पिकतात ते कापडाचे जाणकार. शहराच्या पूर्व भागात तर ज्याच्या घरात कुणी मागावर बसलं नाही, असं घर शोधावं लागेल. आमच्या सासूबाईंचे वडील जुन्या गिरणीत होते. 1877 साली सुरू झालेली ती गिरणी कधीच बंद पडली, पण सासूबाईंच्या बोलण्यात अजून तिन्ही पाळ्यांत चालू आहे. दुकानात शिरल्या की त्या कापडाचं टोक चिमटीत धरून खसाखसा चोळतात आणि बोटं दुकानदारापुढे धरतात. बोटांवर पांढरी भुकटी!

"खळ हाय नुसती. धुतलं की जाळी होतंय ह्याचं."

"अक्का, प्युअर कॉटन हाय की!"

प्युअर आहे की पॉलिस्टर मिसळलंय, ते जाळल्याशिवाय कळत नाही. सुताचा धागा जळताना कागद जळल्यासारखा वास येतो नि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. पण कापडाच्या दुकानात काडी ओढू कोण देणार? म्हणून कडेचा एक उभा आणि एक आडवा धागा हळूच ओढून पर्समध्ये टाकायचा (दोन्ही हवेत, ताणा सुताचा आणि बाणा भलताच, असंही निघतं) आणि "यांना विचारून येते" म्हणून सटकायचं. कुर्त्याच्या कापडासाठी नवी पेठेतली दुकानं अशी पालथी घालून घरी आले, गॅस पेटवला, पर्स उलटी केली. धागे भरपूर. कुठला कुठल्या दुकानातला, ते धाग्यांनाच ठाऊक.

तेवढ्यातून एक निळं, फुलाफुलांचं कॅम्ब्रिक ठरलंच. मग प्रश्न आला, किती घ्यायचं? त्याला दुकानदाराचा उलटा प्रश्न, पन्हा (म्हणजे कापडाची रुंदी) केवढा हवा? 36 इंची पन्हा असेल तर तीन मीटर, 44 असेल तर अडीच, 58 असेल तर दोनात भागतं. हवा तो रंग नेहमी 36 मध्येच असतो. त्यात सुती कापड पाण्यात पडलं की मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर आत जातं, बहुतेक लांबीतच. म्हणजे पाव मीटर जास्तीचं. त्यात सासूबाईंचा आग्रह, फुलं सगळी एकाच दिशेला हवीत, म्हणून आणखी पाव. कुर्ता एका माणसाचा, कापड एका छोट्या मांडवाचं.

बेतण्याआधी रात्रभर बादलीत भिजत घातलं. सकाळी बादलीतलं पाणी निळंशार. तरी कापड निळंच होतं, यातच समाधान. न पिळता गच्चीवर टाकलं. आमच्या उन्हाला ओल फार वेळ सोसवत नाही. खाली जाऊन चहा टाकेपर्यंत खडखडीत वाळलं.

तेवढ्यात शेजारच्या काकू गच्चीवर आल्या. आल्या त्या थेट कापडाकडे. चिमटीत धरलं, चोळलं, उन्हाकडे धरून आरपार पाहिलं.

"बरंय. कसं मीटर दिलं?"

मी पन्नास रुपये कमी करून सांगितलं.

"अगं बाई! मला इचारायचं की. हे आमच्या भाच्याकडं किलोवर मिळतंय."

मी पन्हा विचारला. काकू म्हणाल्या, "किलोवरच्या कापडाला पन्हा कुठला गं?"