झेंड्याची दोरी कोणी ओढायची: त्या फॉरवर्डला उत्तर

ऑगस्ट आला की तो मेसेज प्रत्येक ग्रुपवर येतोच. मुद्दे चार: 1947 ला देशाला प्रमुखच नव्हता म्हणून नेहरूंनी 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावर झेंडा लावला; मग तोच नियम संविधानाने राज्यांना लावला, म्हणून पहिल्यापासून मुख्यमंत्री; जिल्ह्यात मात्र मान कलेक्टरचा, पालकमंत्री मधेच घुसलेत; आणि शेवटी, दोरी कोणीही ओढा, काय फरक पडतो, सगळा टाइमपास. आता एकेक घेऊ.

पहिला. 15 ऑगस्ट 1947 ला नेहरूंनी झेंडा लावला तो इंडिया गेटजवळच्या प्रिन्सेस पार्कात. लाल किल्ल्यावर लावला 16 तारखेला. आणि प्रमुख नव्हता म्हणे! माउंटबॅटन गव्हर्नर जनरल म्हणून तिथेच होते की. राष्ट्रपती नव्हते हे बरोबर, पण म्हणून प्रमुखच नव्हता असं कसं होईल.

दुसरा मुद्दा तर पूर्णच चुकलाय आणि खरी गोष्ट त्याच्यापेक्षा भारी आहे. 15 ऑगस्टला राज्यात झेंडा कोणी लावायचा हे सांगणारं संविधानातलं एक कलम दाखवा, नाहीये. 1973 पर्यंत 15 ऑगस्ट असो की 26 जानेवारी, राज्याचा झेंडा राज्यपालच लावायचे, म्हणजे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते तेव्हा हा मान मुख्यमंत्र्याला नव्हताच. हे बदललं तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री करुणानिधी यांच्यामुळे. त्यांचं म्हणणं साधं होतं, दिल्लीत लोकांनी निवडलेला पंतप्रधान झेंडा लावतो मग राज्यात लोकांनी निवडलेला माणूस का नको, आणि त्या काळात राजमन्नार समिती (केंद्र-राज्य संबंध तपासायला तमिळनाडू सरकारने नेमलेली), राज्यांची स्वायत्तता हे सगळं तिकडे पेटलेलंच होतं, त्यामुळे इंदिरा गांधींकडे ही मागणी काही हौस म्हणून गेली नव्हती. केंद्राने मान्य केलं आणि 1974 पासून 15 ऑगस्ट मुख्यमंत्र्यांचा, 26 जानेवारी राज्यपालांचा. आपल्याकडे 1 मेला शिवाजी पार्कवर राज्यपाल आणि 17 सप्टेंबरला संभाजीनगरला मुख्यमंत्री, हेही शेवटी वहिवाटच.

तिसरा. कलेक्टरचा असा कुठला राखीव मान नाही, सरकार दरवर्षी लेखी यादी काढतं कुठल्या जिल्ह्यात कोण. पालकमंत्री असेल तर तो, नसेल तर दुसरा मंत्री किंवा कलेक्टर. 2022 च्या ऑगस्टमध्ये पालकमंत्री नेमलेच नव्हते तेव्हा काही जिल्ह्यांत मंत्री गेले आणि बाकीच्यांत कलेक्टरांनी लावला. घुसखोरी कसली त्यात? 2025 ला रायगड, नाशिकचं पालकमंत्रिपद लटकलेलं असताना झेंडा कोण लावणार याच्याच बातम्या चालल्या होत्या, कारण सगळ्यांना कळत होतं की यादीत नाव कोणाचं आलं म्हणजे पारडं कुठे झुकलं.

त्यावरूनच चौथा. फरक पडत नाही? ऑगस्ट 2024, दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री केजरीवाल तुरुंगात, त्यांनी कळवलं की माझ्या जागी मंत्री आतिशी झेंडा लावतील, प्रशासन म्हणालं तसं करता येत नाही, आणि नायब राज्यपालांनी नाव दिलं दुसरे मंत्री कैलाश गहलोत यांचं. एका सकाळच्या कार्यक्रमासाठी एवढी पत्रापत्री! टाइमपास असता तर कोणी केली असती?

आणि हे फक्त वरच्या लोकांचं नाही हो. 2020 ला तमिळनाडूतल्या तिरुवळ्ळूर जिल्ह्यात एका दलित महिला सरपंचांना 15 ऑगस्टला झेंडाच लावू दिला नाही. निवडून आल्या, खुर्ची कायदेशीर, सगळं ठीक, पण दोरीला हात लावायचा नाही. बोभाटा झाल्यावर काही दिवसांनी कलेक्टर स्वतः गावात आल्या आणि त्यांच्यासमोर या सरपंचांनी झेंडा लावला. अडवणाऱ्यांना पक्कं माहीत होतं की या कामात काय आहे, फॉरवर्डवाल्याला नाही.

शाळेत माजी सैनिकाच्या किंवा शिपाईकाकांच्या हस्ते करतात ते छानच, जरूर करा. फक्त आपल्याकडच्या परिपत्रकात 15 ऑगस्टला सकाळी 8.35 ते 9.35 दुसरा कार्यक्रम ठेवू नका म्हणून लिहिलेलं असतं, तेवढं बघून वेळ ठरवा.