इसबाचं खापर वांग्यावर

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर सारखा फिरतो. सांगणं असं: रक्त बिघडल्याने इसब होतो, दूध, अंडी, वांगं, दही बंद करा, लसणाचा लेप लावा, कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ करा, डॉक्टरांचं स्टेरॉइडचं मलम फेकून द्या. इसब मुळापासून जातो म्हणे.

रक्ताचं आधी. लहानपणापासून रेंगाळणाऱ्या इसबात त्वचेचा वरचा थरच कच्चा असतो. फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातल्या दोषाशी त्याचा संबंध 2006 साली सापडला. ओलावा टिकत नाही. साबण, धूळ, लोकर, घाम सगळंच झोंबतं. रक्तशुद्धीच्या काढ्याने हा थर दुरुस्त होत नाही.

सर्वांत जास्त नुकसान करतो तो पथ्याचा सल्ला. अन्नाच्या अ‍ॅलर्जीने इसब चिघळू शकतो, पण मुख्यतः लहान मुलांत आणि तोही तीव्र असेल तर. मोठ्यांत क्वचितच. रक्ततपासणीत एखाद्या पदार्थाविरुद्धचं आयजीई (अ‍ॅलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) वाढलेलं दिसलं, एवढ्यावरून त्यानेच इसब होतो असं ठरत नाही. तरी लॅबच्या यादीवर खुणा करत पोराच्या ताटातलं एकेक उचललं जातं. वाढत्या वयात दूध, अंडी, गहू एकदम तोडले तर वाढ खुंटते. शिवाय पचत असलेला पदार्थ दीर्घकाळ बंद ठेवून पुन्हा दिला, तर कधी कधी खरीखुरी, गंभीर अ‍ॅलर्जी उद्भवते. खाल्ल्यावर तास-दोन तासांत गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, तर ते लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. ते संशयित पदार्थ काही आठवडे थांबवून पुन्हा देऊन बघतात. ही पुन्हा देण्याची पायरी त्या मजकुरात कुठेच नाही.

कच्च्या लसणाने चांगली कातडीही भाजते. कडुलिंबाने इसब बरा होत नाही, आग होत असेल तर तेही थांबवा. घरच्या घरी करण्यासारखं आहेच की: कोमट पाण्याने झटपट अंघोळ, उटणं-डाळीच्या पिठाने घासणं बंद, अंग टिपून ओलसर असतानाच भरपूर व्हॅसलीन. खोबरेलही चालेल, मोहरीचं नको.

स्टेरॉइडची भीती मात्र अगदीच हवेतली नाही. आपल्याकडे स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली मलमं चिठ्ठीशिवाय सर्रास विकली गेली. गजकर्णाला इसब समजून ती चोळल्यावर गजकर्ण आणखी पसरलं. पण हा दोष मनाने मलम लावण्याचा. योग्य ताकदीचं मलम, सांगितले तितके दिवस, बोटाच्या शेवटच्या पेराएवढी रेघ दोन तळहातांएवढ्या जागेला, असं लावलं तर ते सहसा सुरक्षित असतं.

मजकुराच्या शेवटी बहुधा एखादं 'शंभर टक्के हर्बल' मलम सुचवलेलं असतं. डबीवर घटकांची नावं नसतील आणि दोन दिवसांत खाज गायब झाली, तर त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्यावी. अशा मलमांत ते सापडलेलं आहे, तेही तीव्र ताकदीचं.